खैऱ्याचं आवतण

गाडी घरी आणली त्या दिवशी हर्षानं तिला ओवाळलं खरं, पण तोंड असं केलं होतं, की कुंकू गाडीला लावते आहे की माझ्या अकलेला, ते कळू नये. तिचं काही चुकत नव्हतं. पन्नाशीत माणसं आपले गुडघे सांभाळतात आणि मी पंधरा वर्षांची परदेशी जीप सांभाळायला घेतली होती.

नागपुरात, सदरमध्ये, जुन्या गाड्यांच्या एका दुकानासमोर ती उभी होती. उंच, रुंद, काताच्या रंगाची. लहानपणी आम्ही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो, तेव्हा पाहणीला येणाऱ्या कोण्या साहेबाची असलीच मोठी जीप कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावरून आरामात निघून जायची. आम्ही पोरं राखेनं पांढरे झालेले पाय घेऊन तिच्यामागे पळायचो. सदरच्या त्या दुकानासमोर मी हुडकेश्वरचा हार्डवेअरवाला उरलोच नाही. दुकानदारानं एकदा फक्त बटण दाबून दाखवलं आणि आख्खी गाडी हळूच खाली बसली. पुन्हा दाबलं, उठून उभी राहिली. बस्स. माझा निकाल लागला.

या गाडीला लोखंडाच्या स्प्रिंगा नाहीत. चारही चाकांवर रबराचे घडी पडणारे फुगे आहेत आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. खराब रस्ता आला की गाडी उंच करायची, आत चढायचं असलं की खाली बसवायची. नवी असताना ही राजेशाही सोय असते. पंधरा वर्षांनी तिचं काय होतं, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. फुग्यातून हवा हळूहळू निघून जायची आणि सकाळी पाहावं तर गाडी पोर्चमध्ये पोट टेकवून बसलेली.

"बसली का तुमची म्हैस?" हर्षा स्वयंपाकघरातूनच विचारायची.

बाबांना गाडीत काडीचा रस नव्हता. माझे वडील, नत्थूजी, ऐंशीच्या घरातले. वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. आई गेल्यापासून ते आमच्याकडे हुडकेश्वरला राहतात. बोलणं आधीच बेताचं, इकडे आल्यावर तेही आटलं. पेपर, चहा, झोपाळा, पुन्हा चहा. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाले, "इतका मोठा डब्बा कायले आनला गा?" आणि पेपरात डोकं घातलं.

मग एका सकाळी ते पोर्चमध्ये चहा घेत होते. गाडी नेहमीसारखी बसलेली. मी इंजिन सुरू केलं. कॉम्प्रेसर घुरघुरला, आधी मागची बाजू वर आली, थोडं थांबून पुढची. बाबांनी कप खाली ठेवला.

"अश्विन, हे मागून उठते गा."

"हो बाबा. तशीच बनवलीय. आधी मागचे फुगे भरतात, मग पुढचे."

"बैल मागून उठते," बाबा म्हणाले. "घोडा सामोरून उठते. हे बैलावानी उठते."

जवळ येऊन त्यांनी पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि उगाच ठेवून दिला. "पुन्यांदा बसव." मी बसवली. "आता उठव." मी उठवली. दुकान उघडायला उशीर झाला, पण इतक्या वर्षांत बाबांनी माझ्याकडे काही मागितलं, तेच मला नवल वाटत होतं.

त्या दिवसापासून मी निघायच्या वेळी ते पोर्चमध्ये हजर. "उठव त्याले." गाडी त्यांच्या तोंडी 'तो' झाली आणि थोड्याच दिवसांत तिचं नाव पडलं, खैऱ्या. रंगावरून पडलं असेल, असं मी धरून चाललो. गावाकडे तांबूस बैलाला खैऱ्याच म्हणतात.

आमचं गाव मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच वीज केंद्र आलं, शेत त्यात गेलं, बाबांना नोकरी मिळाली आणि आजोबा, धोंडबा, कॉलनीतल्या दोन खोल्यांत बसून म्हातारे झाले. गावाबद्दल घरात कोणी बोलायचं नाही. रडायचंही नाही आणि कौतुकही करायचं नाही. मला वाटायचं, विसरले असतील.

खैऱ्याच्या दुखण्यांना अंत नव्हता. कॉम्प्रेसर जळाला. तो बदलला, तर हवा वाटणारा व्हॉल्व्ह अडकला. ताराचंद मिस्त्रीचं गॅरेज हे माझं दुसरं घर झालं. सुटा भाग बाहेरून यायचा असला, की गाडी महिना महिना त्याच्या शेडमध्ये बसून राही आणि मी रोज जाऊन पाहून येई. मी गेलो की बाबाही निघत. गॅरेजात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत, कोणाच्या कामात नाक खुपसत नसत. गाडी दुरुस्त झाली, की येताना म्हणत, "जरा कोराडीकडून घे."

शहराच्या एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला, पण मी घ्यायचो. वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या, की बाबा काच खाली करायचे. आत राख येते म्हणून मी कुरकुर करायचो. एका ठरावीक कुंपणाशी ते गाडी थांबवायला लावत. उतरायचं झालं, की मी बटण दाबायचो, खैऱ्या बसायचा आणि बाबा कोणाचा हात न धरता उतरायचे. बसमधून, रिक्षातून, माझ्या जुन्या गाडीतून, सगळ्यांतून त्यांना धरून उतरवावं लागायचं. या एकाच गाडीतून ते स्वतःच्या पायांनी उतरत. कुंपणापलीकडे काय आहे, असं मी एकदा विचारलं. "काई नाई," म्हणाले. मला तर नुसती राखाडी जमीन दिसत होती.

तर असं सगळं सुखात चाललं होतं, म्हणजे माझ्या पैशांनी ताराचंद आणि माझ्या वेळानं बाबा सुखात होते. घोटाळा झाला हर्षाच्या भाचीच्या लग्नात. मंगल कार्यालयाच्या फाटकात, ऐन वरात आत यायच्या वेळी, खैऱ्याची पुढची डावी बाजू फुस्सकन बसली. गाडी पुढेही जाईना, मागेही येईना. नवरदेव घोड्यावर, बँडवाले घामानं निथळलेले आणि मधे माझी जीप नाक टेकवून. शेवटी नवरदेवाला घोड्यावरून उतरून गाडी आणि भिंतीच्या मधून आडवं होऊन आत यावं लागलं. त्याच्या शेरवानीला काळा पट्टा लागला, तो सगळ्या फोटोंत आहे.

 घरी आल्यावर हर्षा एकच वाक्य बोलली, "आता हे नाही म्हणजे नाही." मी मान डोलावली. खरं सांगायचं, तर मीही थकलो होतो.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. चंपतराव, काटोलचे संत्रा बागायतदार, पांढरा सदरा आणि सारखा वाजणारा फोन. गाडी आवडली. म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी सकायी येतो अन् घेऊन जातो. त्या दिवशी मजूर कामावर येत नाई, मी रिकामा रायतो." मी हो म्हटलं. पोळ्याच्या दिवशी गाडी द्यायची, यात काही वावगं माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या घरी पोळा म्हणजे मातीचे दोन बैल आणि पुरणपोळी. तीही बाबा खात नाहीत. एरवी गोडाला नाही म्हणत नाहीत, पण पोळ्याला ताटात पोळी पडली, की बाजूला सारतात. आई म्हणायची, त्यांना त्या दिवशी चालत नाही. काहून चालत नाही, ते तिलाही माहीत नसावं.

बाबांना मात्र मी काही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, करत पोळ्याचा आदला दिवस उजाडला.

दुपारी ताराचंद घरीच आला. गाडी देण्याआधी पुढच्या फुग्यांची गळती एकदा बघून द्यायची होती. त्यानं पोर्चमध्ये चाक काढलं, आत बॅटरीचा उजेड मारला, रबराच्या घडीत बोट घातलं आणि बोटाकडे पाहतच राहिला. पिवळट काळा चिकट मळ. त्यानं वास घेतला.

"भाऊ," तो म्हणाला, "याले तूप कोनं लावलं?"

"काय?"

"तूप आहे हे. अन् हयद. आपल्या घरचं तूप." त्यानं दुसरं चाक काढलं. तिथंही तेच. मागच्या चाकांना काही नव्हतं. "तुपानं रबर नरम पडते. वरून धूळ, राख त्याच्यात चिकटते अन् घडी वरखाली झाली की रगडते. वर्षभर रगडत राहिलं हे. गळन नाही तं काय होईन?"

माझं डोकंच फिरलं. वर्षभर मी जगाच्या पाठीवरून सुटे भाग मागवत होतो, लग्नात नाक कापून घेतलं होतं, आणि इकडे कोणीतरी माझ्या गाडीला फोडणी घालत होतं! मी त्या सदरच्या दुकानदाराचा उद्धार करायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दार वाजलं.

बाबा बाहेर आले. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पळसाची पानं. वाटीत पातळ केलेलं तूप आणि हळद.

ताराचंदनं माझ्याकडे पाहिलं आणि मग उगाच पाना शोधायला लागला.

"बाबा! तुम्ही लावलं हे?"

"हो," बाबा म्हणाले, त्यात काय विचारायचं, अशा सुरात. "मांगच्या पोळ्यालेही लावलं होतं. आज खांदशेकनी आहे ना."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभर बैलाच्या खांद्यावर जू असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते खांदे कोमट तूप-हळदीनं चोळतात, शेकतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आवतण म्हणतात त्याला. मला हे ऐकून माहीत होतं. माझ्या जीपला खांदे आहेत, हे माहीत नव्हतं.

"बाबा, ही मशीन आहे! तुपानं तिचं रबर सडलं. वर्षभर मी बोंबलतो आहे, तुम्ही रोज पाहता आहात. आणि आता काही लावू नका. उद्या सकाळी गिऱ्हाईक येतं आहे, उद्या जाणार आहे ती!"

असं सांगायचं नव्हतं मला. पण सांगून झालं होतं.

 बाबा वाटीतल्या तुपाकडे पाहत राहिले. हर्षा आवाज ऐकून दारात आली होती, तीही थबकली. मग बाबांनी मला विचारलं, आणि लहान मुलानं परवानगी मागावी तसं विचारलं.

"मंग आवतन देऊ का नको देऊ?"

"म्हणजे?"

"आवतन देलं, तं जेवू घालावं लागते." ते पोर्चच्या पायरीवर बसले. "शेत गेलं त्या वर्षी पोळ्याच्या मांगच्या दिवशी मी दोघाइचे खांद शेकले. खैऱ्याचे अन् बांड्याचे. आवतन देलं. सकायी उठून पायतो, तं कोठा खाली. तुह्या आज्यानं पहाटेच देऊन टाकले व्यापाऱ्याले. त्याचं बराबर होतं गा. वावर नाही, चारा कुठून आनतो? पोळा झाल्यावर दिले असते, तं मी नेऊच देले नसते, हे समजत होतं त्याले. पन आवतन मी देलं होतं."

बाबांनी वाटी पायरीवर ठेवली.

"कुठी नेले, कोनं नाही सांगितलं. एकजन म्हने, खैऱ्या वाटंत बसला होता. उठे ना. मारून उठवला." बाबांनी गाडीकडे पाहिलं. "मागूनच उठला असन."

माझा राग कुठं गेला, मला समजलं नाही. माझ्यापेक्षा जुनी ही गोष्ट. इतकी वर्षं या माणसाच्या ताटात दरवर्षी पोळी पडत होती आणि तो ती बाजूला सारत होता, आणि आम्ही समजत होतो, की पोटाला चालत नाही. मला रडू येत होतं आणि ताराचंदसमोर रडायची लाज वाटत होती.

चंपतराव सकाळी येणार होते. बैलाला जेवण मिळतं ते संध्याकाळी, पोळा फुटून जमलेले बैल दारोदारी गेल्यावर. ते ऐकतील की व्यवहार मोडून निघून जातील, मला ठाऊक नव्हतं. हर्षाकडे पाहिलं. गाडी जावी असं सगळ्यात जास्त तिलाच वाटत होतं. तिनं डोळे पुसले आणि मान हलवली.

"द्या बाबा," मी म्हणालो. "आवतण द्या."

"फक्त रबराले नका लावू, बाबूजी," ताराचंद हळूच म्हणाला. "इथं वर लोखंड आहे, त्याले लावा. ते काही करत नाही." त्यानं साबणाच्या पाण्यानं फुग्यांच्या घड्या धुऊन दिल्या, चाकं बसवली आणि बॅटरी धरून उभा राहिला.

बाबा चाकाशी वाकले, पळसाच्या पानानं लोखंडाला तूप चोळलं. दोन्ही बाजूंनी. मग गाडीच्या नाकाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

उभी असली तरी ही गाडी अधूनमधून आपली उंची जुळवत असते, तेव्हा थोडी हवा सोडते. मला हे पक्कं माहीत आहे. त्या क्षणीही तिनं फुस्स केलं आणि बोटभर खाली बसली. कोणाला काही समजावून सांगावं, असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंपतराव सकाळीच आले, सोबत ड्रायव्हर, फोन कानाला. उन्हाआधी निघायचं म्हणून चहासुद्धा नको म्हणाले. मी त्यांना गळतीचं खरं ते सांगितलं, तुपाचंही सांगितलं. ते हसले. मग मी उरलेलं सांगितलं आणि ते कपाळाला आठ्या घालतील म्हणून वाट पाहत राहिलो.

त्यांनी फोन खिशात टाकला. "आवतन देनं झालं?"

"झालं. काल."

चंपतरावांनी पायातल्या चपला काढल्या. "मंग कसा नेऊ गा? माह्या बापानं मले घरात घेतलं असतं का?" आणि बाबांच्या शेजारी झोपाळ्यावर येऊन बसले. ड्रायव्हरला म्हणाले, "बस रे, संध्याकाय होते आपल्याले."

दोघांनी दुपारभर काय गप्पा मारल्या, विचारू नका. बाबांचा आवाज मी इतका वेळ सलग कधी ऐकला नव्हता. बैलांचे दात, शिंगं, मातीचे प्रकार, कोणता बैल पाण्यात शिरत नसे. मधेच बाबांनी विचारलं, "कुठी ठेवान त्याले?"

"काटोलले. बागेतच राहीन. संत्र्याच्या झाडाखाली सावलीत उभा करतो, बाबूजी. तुमी कवाही या पाहाले."

बाबांनी मान डोलावली. ते उत्तर त्यांना हवं होतं, हे मला कळत होतं.

संध्याकाळी पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर पोळा फुटला. हुडकेश्वरात आता बैल ठेवणारी चार घरं उरली असतील. त्यातला कवडू आपली जोडी घेऊन आमच्या दारात आला. हर्षानं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं. मग तेच ताट घेऊन खैऱ्याच्या पुढे गेली आणि त्यालाही ओवाळलं. या वेळी तिचं तोंड वाकडं नव्हतं.

बाबांनी पुरणपोळीचं पान गाडीच्या नाकाशी धरलं.  थोडा वेळ तसंच धरून उभे राहिले, मग वळून ते पान कवडूच्या तांबूस बैलापुढे केलं. त्यानं जीभ फिरवून एका घासात पोळी संपवली.

"जेवला," बाबा म्हणाले.

चंपतरावांनी गाडी सुरू केली. खैऱ्या आधी मागून उठला, मग पुढून. बाबांनी पत्र्यावर तळहात ठेवला, काढला. गाडी फाटकातून बाहेर गेली, वळली. बाबा वळणापर्यंत पाहत राहिले. पोर्चमध्ये लोखंडावरून गळलेल्या तुपाचे दोन पिवळे ठिपके होते, तेवढेच राहिले.

मला वाटलं, आता ते झोपाळ्यावर जाऊन पेपर उघडतील. मला स्वतःलाच घरात जावंसं वाटत नव्हतं. पण बाबा हातपाय धुऊन सरळ आत गेले आणि पाटावर बसले.

"हर्षा, वाढ वं मले."

हर्षानं भात वाढायला घेतला.

"भात नाही. पोयी."

"मामाजी," ती म्हणाली, "तुम्हाले तर चालत नाही ना आज?"

"आज चालते," बाबा म्हणाले.

तिनं पोळी वाढली. मी त्यांच्याकडे न पाहता तुपाची वाटी पुढे सरकवली.